दायाद की जायदाद

फाल्गुन लागला की माझी बोटं हुळहुळायला लागतात. डॉक्टर म्हणतो, कातडी कोरडी पडते, तेल लावत जा. लावते. पण हे तेलानं जाणारं दुखणं नाही. हा करडईचा काटा माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या आधी टोचलेला आहे. हे डॉक्टरला सांगितलं तर तो माझ्या सुनेकडे बघून हसेल, म्हणून सांगत नाही. त्यानं करडई तेलाच्या पिशवीवरच्या चित्रातच पाहिलेली असणार. ती काय चीज आहे ते उभ्या करडईत शिरलेल्या माणसाला विचारावं. पानाला काटा, बोंडाला काटा, आणि वाळली की सगळं झाडच अंगावर येतं. म्हणून तिची काढणी भल्या सकाळी करायची, दवानं काटे मऊ असतात तोवर. ऊन चढलं की ती कोणाला जवळ येऊ देत नाही. माझा स्वभाव करडईसारखा आहे असं आमचे हे म्हणायचे. असेलही.

परवा बाळू, माझा मुलगा, राजूरच्या शेतावरून आला. शेतात आता सगळी मोसंबी आहे, पण बांधाकडेचा एक पट्टा तो घरच्या तेलासाठी करडईला ठेवतो. येताना त्यानं मला दाखवायला एक वाळकी फांदी आणली, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत कागद आणले. "ताई आली की तिची सही घेऊन ठेव, आई. सोमवारी रजिस्ट्रीला जायचंय." ताई म्हणजे माझी थोरली लेक शालू. हे गेल्यावर राजूरच्या सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली. त्यातलं शालूचं आता निघायचं आहे. कागदाचं नाव हक्कसोडपत्र. बहिणी तो देतात. देणारी बहीण चांगली, आणि न देणारीला राखीपौर्णिमेला कोण बोलावतं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. बाळू वाईट नाही हो. उन्हातान्हात तो राबतो, माझं औषधपाणी तोच बघतो. पण तो पेपर वाचत नाही. त्याच दिवशी पेपरात आलं होतं की दिल्लीच्या कायदा सुधारणाऱ्या आयोगानं सुचवलं होतं तसा कायदा झाला, आणि मुलगी आता जन्मापासूनच मुलासारखी वारस. शालू येईपर्यंत पेपर आणि हक्कसोडपत्र दोन्ही एकाच टेबलावर पडून होते, आणि मी घरभर फिरत होते. बसले की उठावंसं वाटायचं. सून दोनदा विचारून गेली, काही हरवलंय का. काय सांगणार तिला?

अण्णाही असेच फिरायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. त्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला जालन्याला माहेरी आले होते. महायुद्ध संपत आलं होतं, साखर मिळायची नाही, रॉकेल मिळायचं नाही, आणि पोटातलं पोर लाथा मारायचं. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. आम्ही स्वतःच त्याला मोगलाई म्हणायचो. अण्णा वकील होते आणि त्यांची सगळी वकिली उर्दूत चालायची. फिर्याद करणारा मुद्दई, ज्याच्यावर फिर्याद तो मुद्दाले, वारस म्हणजे वारिस आणि मालमत्ता म्हणजे जायदाद. घरात बोलणं मराठी, भांडण मराठी, पूजा मराठी. कायदा तेवढा उर्दूत. अण्णांना एखाद्या गोष्टीचा राग आला की ते मराठीत सुरू करायचे आणि मुद्द्यावर आले की उर्दूत जायचे. आई म्हणायची, आता हे कोर्टात पोचले, जेवायला वेळ आहे.

अशात त्यांच्याकडे एक पुस्तिका आली. देऊळगावराजाला त्यांचे एक वकील स्नेही होते. देऊळगावराजा जालन्याहून हाकेवर, पण ते सरहद्दीच्या नाक्यापलीकडे वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या अमलाखाली. त्या स्नेह्यांनी ती माणसाबरोबर धाडली होती. इंग्रज सरकारनं दिल्लीला एक कमिटी नेमली होती. हिंदूंचा कायदा एका गावात एक, दुसऱ्या गावात दुसरा, अर्धा पोथीत आणि अर्धा पंचांच्या तोंडात. तो एकसारखा करून नीट लिहून काढायचं काम या कमिटीकडे होतं. विधवेला काय द्यायचं, मुलीला काय द्यायचं, नवऱ्याला दुसरी बायको करू द्यायची का, असला सगळा मसुदा छापून त्यांनी लोकांची मतं मागवली होती. कमिटीची माणसं मोठ्या शहरांत बसून साक्षी घेत होती. पुस्तिका मसुद्याच्या मराठी तर्जुम्याची होती, कागद बांगडीच्या पुड्याला लावतात तसला पिवळट.

अण्णांनी ती चाळली आणि कोनाड्यात टाकली. "हे त्यांच्या मुलखापुरतं. आपल्याला बिलकुल लागू नाही." संध्याकाळी परत काढली. परत ठेवली. मग अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले, आणि सुपारी तोंडात न टाकता पुन्हा कोनाड्याकडे गेले. मी विचारलं, "लागू नाही तर एवढं काय वाचताय?" ते म्हणाले, "चंद्राच्या मामल्यात लागू असतं तर किती बरं झालं असतं, ते बघतोय."

चंद्रा म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. दोघी बहिणींचं माहेर वऱ्हाडातलं, देऊळगावराजाच्या पलीकडचं खेडं. आई जालन्याला दिली आणि चंद्रामावशी केदारखेड्याला, दोघी मोगलाईत. मावशीला मूलबाळ नव्हतं. आदल्या दिवाळीत तिचे यजमान, आमचे काका, तापानं गेले. काका आणि त्यांचे धाकटे भाऊ माणिकराव एकत्रच होते, वाटण्या झालेल्या नव्हत्या, आणि तेव्हाच्या कायद्यानं एकत्र घरातला पुरुष गेला की त्याचा हिस्सा भावाकडे जायचा. बायकोला पोटगी. पण नदीच्या बाजूचं चिंचेखालचं वावर मावशीनं स्वतः कसलं होतं. काकांना दम्यानं उभं राहवत नसे तेव्हापासून कुळवाची पाळी, पेरणी, राखण सगळं तिनं केलेलं. तिला दुसरं काही नको होतं. घर नको, बैल नको, दागिना नको. चिंचेखालचं वावर तेवढं तिच्या नावावर व्हायला हवं होतं.

हट्ट म्हणावा तर तो उगाच आलेला नव्हता. तिची एक बालमैत्रीण वऱ्हाडातच दिलेली, तीही त्याच सुमारास विधवा झाली. इंग्रजांच्या मुलखात काही वर्षांपूर्वीच विधवेला नवऱ्याच्या वाट्याचा हक्क मिळाला होता. त्या मैत्रिणीच्या नावावर जमीन चढली. दोघी एका विहिरीवर पाणी भरून वाढलेल्या. मावशी म्हणायची, "माझ्या बापानं मला नाक्याच्या हिकडं दिली, तिच्या बापानं तिकडं. एवढाच काय तो फरक." असं म्हणून ती हसायची.

मला सातवा लागला तेव्हा मावशीनं निरोप धाडला, डोहाळजेवण माझ्या वावरात करायचं. करडई काढणीला आली आहे, बघायला या. आई नको म्हणत होती, छकड्यात धक्के बसतील म्हणाली. अण्णांनी मात्र लगेच गाडी सांगितली. निघताना पुस्तिका त्यांनी कमरेला धोतरात खोचली ते मी पाहिलं.

पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी वावरात गेलो. थंडी संपत आलेली आणि ऊन अजून कोवळं. काढणाऱ्या बायकांनी हाताला जुन्या लुगड्यांची फडकी कोपरापर्यंत गुंडाळली होती, विळे चालत होते, आणि दवानं ओलावलेल्या करडईचा किंचित कडू, हिरवट वास सगळीकडे होता. मला बसून राहायला सांगितलं होतं. मी काही बसले नाही. मावशीची नजर चुकवून एक फांदी धरली आणि बोटात काटा घेतला. मावशी ओरडली, मग माझं बोट तोंडात घालून काटा दातानं काढला. "फडकं बांधल्याबिगर करडईला हात लावायचा न्हाई, माय. ती मालकाला बी वळखत न्हाई." सगळा काटा निघाला नसावा. अर्धा अजून आत आहे.

ऊन चढल्यावर काढणी थांबली आणि चिंचेखाली पंगत बसली. धपाटे, दही, येसराची आमटी, पुरणाच्या पोळ्या. माणिकराव मुद्दाम गावातून आले होते, हातात खणाची पुडी घेऊन. माणूस सज्जन. मावशीला कधी उलट बोललेला नाही, घरात आलेलं नवं धान्य पहिल्यांदा तिच्या कणगीत टाकणारा. हे मी आवर्जून लिहिते, कारण तो खलपुरुष असता तर मला एवढा त्रास झाला नसता.

जेवणं झाल्यावर अण्णांना राहवेना. पुस्तिका काढून मला म्हणाले, "वाच जरा मोठ्यानं. बायकांनाही कळू दे काय चाललंय." कमिटीनं मराठी कोणा शास्त्रीबुवाकडून करवून घेतलं असावं. वाक्या-वाक्याला माझी जीभ अडखळत होती. दायविभाग, अविभक्त, स्त्रीधन, अनिर्बंध स्वामित्व. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, एकीचं पोर चिंचा मागत होतं. मी वाचलं, "मुलगी ही दायाद समजावी."

"जायदाद," अण्णा म्हणाले.

"दायाद लिहिलंय, अण्णा."

"छापणाऱ्यानं घोळ केलाय. दायाद असा लफ्ज आयुष्यात ऐकला नाही मी. जायदाद म्हण आणि पुढं चल."

वकिलांपुढे मी काय बोलणार? मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं, बायकांना नीट ऐकू जावं म्हणून. "मुलगी ही जायदाद समजावी."

सारजा नावाची म्हातारी मजूरबाई होती. ती खाली बसून हाताचं फडकं सोडत होती. तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "त्यात नवं काय हाय, साहेब? समजतेतच की."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एकीला हसू फुटलं, दुसरीला फुटलं, आणि सगळी चिंच हसायला लागली. मावशी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काका गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. अण्णांनी माझ्या हातातून पुस्तिका ओढून घेतली, ओठ हलवत मागचं-पुढचं वाचलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वारिस," ते हळू म्हणाले. "वारिस म्हणायचंय त्यांना. मुलगी वारिस समजावी."

"मंग वारिस म्हना की नीट," सारजा म्हणाली. "असं आडून काहून बोलायचं?"

मी त्या दोन शब्दांचा नंतर फार विचार केला. कितीतरी वर्षं केला. एक शब्द मालकाचा आणि एक मालाचा, आणि ऐकायला एवढे जवळ. अण्णांसारखा शिकलेला, मुलीवर जीव टाकणारा माणूस बिनदिक्कत म्हणतो की छापणाऱ्याची चूक आहे, आणि मला ते वाक्य तसं वाचायला लावतो. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ते वाक्य त्यांना खटकलंच नाही, यानं मी आजही अस्वस्थ होते.

मग ओटी भरायची वेळ झाली. विधवेनं ओटी भरायची नसते, म्हणून आईनं पदर खोचला आणि मावशी आपणहून चिंचेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. सारजा त्या दिवशी ऐकणारी नव्हती. म्हणाली, "वावर जिचं, तिनं वटी भरावी."

माणिकराव हात धुऊन उपरण्याला पुसत होते. ते शांतपणे म्हणाले, "वावर घराचं हाय, सारजे."

"व्हय, घराचंच," सारजा म्हणाली, आणि उठून दूर गेली.

माणिकरावांना वाईट वाटलं असावं. ते मावशीकडे वळले. "वहिनी, तुमीच सांगा वकीलसाहेबांपुढं. दादा गेल्यापासून तुमाला कधी काही कमी पडू दिलं का?"

"न्हाई भाऊजी. कमी काहीच न्हाई पडलं," मावशी म्हणाली. ती बोलताना चिंचेच्या खोडावरची साल नखानं खरवडत होती. "पन मागावं लागतंय ना. मीठ सरलं तर मागा, लुगडं फाटलं तर मागा. तुमी देताव. जल्दी देताव. पन मी मागून राह्यले, हे काही केल्या इसरता येत न्हाई."

ओटी आईनंच भरली. आम्ही गाडीत बसलो तेव्हा मावशी मागून धावत आली आणि माझ्या पदरात मूठभर करडई टाकली, हातानं चोळून काढलेली, पांढरीशुभ्र. "वटी न्हाई ही," ती म्हणाली. "खाऊ हाय." आणि वळून चालायला लागली.

जालन्याला परत आल्यावर अण्णांनी मत लिहायला घेतलं. पहिल्यांदा उर्दूत लिहिलं, कारण कायद्याचं दुसऱ्या भाषेत लिहिणं येत नव्हतं. मग मला बसवून त्याचं मराठी करायला लागले, आणि शब्दासाठी दारापासून न्हाणीपर्यंत फेऱ्या घालायला लागले. गावात एव्हाना कुजबुज होतीच. धर्म बुडवायला निघालेत, भावाबहिणींत कोर्टकचेऱ्या लावणार, असं बार रूममधले लोक म्हणत होते. अण्णांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण घरी आले की त्या न झालेल्या वादातली वाक्यं एकटेच बोलत बसायचे.

मावशीला त्यांनी बोलावून घेतलं. समोर बसवून म्हणाले, "चंद्रा, तुझ्या शब्दांत एक गोष्ट लिहायची आहे. काय लिहू?"

मावशी म्हणाली, "दाजी, पोटगी म्हंजी पोटापुरतं देनं, बराबर?"

"बराबर."

"मंग मला निस्तं पोटच हाय का?" तिनं दोन्ही हात पुढे केले. करडईनं ओरबाडलेले, नखांत काळी माती. "हे कोनाचे हायत? ह्यांचं काय लिव्हलंय त्या कायद्यात?"

अण्णांनी लेखणी खाली ठेवली. मी त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, पोटगीला उर्दूत गुजारा म्हणतात. मग त्यांनी तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून काढलं, निस्तं आणि हायत सकट. मी म्हटलं, शुद्ध करू का? तर माझ्यावर खेकसले.

आता पेच असा की मत पाठवायचं कुठून. आम्ही निजामाची रयत. आमचं मत दिल्लीची कमिटी कशाला विचारात घेईल? अण्णांनी कायदेशीर डोकं फार खाजवलं. तोड मावशीनं काढली. "माझं माहेर वऱ्हाडातलं हाय ना? मी माहेराला जाते. तिथून धाडा. तिथं बसून अंगठा दिला तर तिथली झाले की न्हाई?" अण्णा हसले, पण ते हसणं वकिलाचं होतं, म्हणजे मुद्दा पटलेला.

तर मावशी भावाला भेटायला म्हणून गाडीत करडईचं पोतं टाकून निघाली. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका होता, मालावर जकात घ्यायचा. तिथल्या जवानानं पोतं चाचपलं. "क्या ले जा रए, अम्मा?" करडई हाय, भावाला. "और ये कागज?" मावशीला खोटं बोलता यायचं नाही. अर्ज हाय, म्हणाली, बायांना वाटा पायजे म्हनून. जवान दाढी खाजवत म्हणाला, "हमारे में तो बेटी का हिस्सा हैच, अम्मा. मेरी बहन नक्को बोल दी. भाई के घर आना-जाना रहना बोलके." आणि गाडी सोडली. परत आल्यावर मावशी त्याची नक्कल करून दाखवायची, नक्को बोल दी, नक्को बोल दी, आणि आम्ही पोट धरून हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं हे तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज विचारलं तर रडू येईल.

वैशाख संपता संपता मला मुलगी झाली. सुईण जरा खालच्या आवाजात सांगत बाहेर आली, तर अण्णा ओसरीवरून ओरडले, "कोण आलं? दायाद की जायदाद?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "दायाद!" तो शब्द त्यांना आता पाठ झाला होता. शाळेत घालेपर्यंत ते शालूला वारिसबाई म्हणायचे. तिला ते आठवत नाही.

उत्तराची वाट किती पाहिली म्हणून सांगू? कमिटी काही घरोघर उत्तरं पाठवणार नव्हती, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. तरी टपालवाला दिसला की ते चष्मा पुसायचे. मसुदा दिल्लीत अडला, मागे पडला, पुन्हा वर आला. इकडे मोगलाईत दिवस बिघडले. स्वातंत्र्य पलीकडे आलं, अलीकडे आलं नाही. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं नाक्यापलीकडे वऱ्हाडात निघाली. माणिकरावही घरच्या सगळ्यांना घेऊन गेले. मावशी गेली नाही. वावरात करडई उभी होती. सारजाला आणि आणखी दोघी-तिघींना घेऊन तिनं ती काढली, चिंचेखालची काढली आणि माणिकरावांच्या वावरातलीही. बडवली, पोती भरली, आणि ती कडब्याखाली लपवून वर स्वतः खाट टाकून राहिली. पोलिस ॲक्शन होऊन मोगलाई संपली तेव्हा माणिकराव परत आले. त्यांनी पोती पाहिली आणि वहिनीच्या पाया पडले. सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, चिंचंखालचं वावर तुमचंच."

"तोंडी नका देऊ, भाऊजी," मावशी म्हणाली. "नावावर करा."

करू, करू, असं ते म्हणाले. मनापासून म्हणाले. मग मुलीचं लग्न निघालं, मग विहीर पडली, मग ते स्वतःच गेले.

दिल्लीचा कायदा शेवटी झाला. मोगलाई उरली नव्हती, नाका उरला नव्हता, त्यामुळे तो केदारखेड्यालाही लागू झाला. अण्णांनी मोठ्या आशेनं वाचला, या वेळी मराठीत, न अडखळता. आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. कायदा लागू झाल्यानंतर जो पुरुष मरेल त्याच्या बायकोला वाटा. काका त्याआधीच गेलेले. आपल्या मावशीला एकदा नाका आडवा आला आणि एकदा तारीख. अण्णांना तिला हे सांगायचं धैर्य होईना. मीच गेले केदारखेड्याला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे माय. तुझ्या शालूला तर भेटंल ना?" मग मला भाकरी वाढली. पुतण्यांनी तिचं शेवटपर्यंत केलं. तिला काही कमी पडलं नाही. ती मागत राहिली आणि ते देत राहिले.

काल दुपारी शालू आली. औरंगाबादला बँकेत होती, आता निवृत्त झाली आहे, केस पांढरे ठेवते. चहा पिता पिता टेबलावरचा कागद पाहून म्हणाली, "हा का तो? करून टाकते सही. बाळू राबतो तिथं. आणि मला काय कमी आहे, आई?"

मी कपबशी टेबलावर ठेवली. हेच शब्द, थेट हेच. फक्त चिंचेखाली ते देणाऱ्यानं विचारले होते, आणि इथे सोडणारी आपणहून म्हणत होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही. माझं पोर शहाणं आहे, त्याला ओरडून काही कळत नाही. मी तिला मावशीची गोष्ट सांगितली. दायादची, सारजाची, पोटगीची, नाक्यावरच्या जवानाची. तुकड्यातुकड्यानं तिनं ती आधी ऐकली असेल, सलग कधी नाही. शेवटी मी म्हटलं, "तुला द्यायचं तर दे. बाळूला दिलंस तर मला आनंदच आहे. पण आधी तो कागद मोठ्यानं वाच. आपल्या घरात कायदा मोठ्यानं वाचायची पद्धत आहे."

तिनं चष्मा लावला. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा. बँकेतली बाई, भराभर वाचत होती. "...सदर मिळकतीवरील माझा हक्क मी राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दडपणाखाली न येता..." आणि थांबली. पुन्हा मागे जाऊन राजीखुशीनंपासून वाचलं. मनातल्या मनात.

"आई, राजूरचं शेत मी शेवटचं कधी पाहिलं?"

"तुझे वडील गेले तेव्हा. गाडीतून."

टेबलावरची करडईची फांदी तिनं उचलली, आणि चटकन टाकून बोट झटकलं. मग फोन लावला.

"बाळू, सोमवारी कचेरीत नको. करडई काढायची आहे ना अजून? कधी लावतोयस? ... बरं. मग मी येते काढायला, दव आहे तोवर. ... अरे, येते म्हणजे येते."

पलीकडून बाळू काहीतरी म्हणाला. बहुतेक सहीचं. शालू जरा हसली.

"ते नंतर बघू. द्यायचं ठरलं तरी आधी माझं आहे ते बघून देईन. तू विळा तेवढा एक जास्तीचा ठेव. हाताला गुंडाळायचं मी इकडून घेऊन येते."

मी ट्रंक उघडली, तळातलं जुनं लुगडं काढलं आणि फाडायला बसले. दोघींना पुरतील एवढी फडकी केली.